डोक्याची गोळी, पोटाची भूक

परवा म्हापशातल्या एका फार्मसीत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाई मुलासाठी ओलांझापिन, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारावरची गोळी, घेत होत्या. डॉक्टरांनी चिठ्ठीवर रक्तातली साखर तपासायलाही लिहिले होते. ‘‘डोक्याच्या गोळीचा साखरेशी काय संबंध? आणि ही तर नवी गोळी, हिला साइड इफेक्ट नसतात ना?’’ ही समजूत चांगल्या शिकलेल्यांचीही असते.

जुन्या गोळ्यांची गोष्ट पॅरिसमध्ये सुरू होते. तिथे १९५२ साली क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांना दिले गेले आणि भास, संशय ओसरू लागले. (त्याच पॅरिसमध्ये आमच्या गोव्यातल्या कांदोळीच्या आबे फारिया या पाद्र्याने १८१३ च्या सुमारास बजावले होते की संमोहनात कसलाही गूढ द्रव वाहत नाही, जे घडते ते समोरच्याच्या मनात. पणजीत त्याचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून गाडी हाकत माणसे आजारी पोराला घेऊन आजही आधी घाड्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जातात. देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदाराला, नारळ जरूर द्या. पण उपचाराविना गेलेले महिने पुढे आजार चिवट करतात.)

आता माझ्या आवडीचा भाग. स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास आणि संशयाच्या आजारात, मेंदूच्या एका भागात डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा पूर येतो. औषध डोपामिनच्या ‘डी-२’ ग्राहींवर, म्हणजे पेशीवरच्या त्याच्या जागांवर, जाऊन बसते. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूच्या चित्रणात, दिसले की साधारण ६५ टक्के जागा अडल्या की लक्षणे उतरतात. ८० टक्क्यांच्या वर गेल्या की हातपाय ताठरतात, कंप सुटतो. फट एवढीच. हॅलोपेरिडॉलसारखे जुने औषध ती सहज ओलांडते. ‘दुसऱ्या पिढीतले’, म्हणजे नव्या गटातले, क्लोझापिन मात्र बहुधा ६० टक्क्यांच्या आतच काम करते. ते कसे?

शुक्रवारच्या बाजारातले पार्किंग आठवा. हॅलोपेरिडॉल म्हणजे सकाळी गाडी लावून संध्याकाळपर्यंत न हलणारा माणूस. क्लोझापिन पाव घेऊन लगेच निघणारा. डोपामिनची खरी लाट आली की त्याला जागा मिळते, म्हणून स्नायूंचे काम बिघडत नाही. कपूर आणि सीमन यांनी २००१ साली हा ‘लवकर सुटण्याचा’ सिद्धांत मांडला. दुसरा पक्ष म्हणतो, श्रेय सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या ५-एचटी-२ए ग्राहीचे. तो अडवला की डोपामिनवरचा ब्रेक सैल होतो. रिस्पेरिडोन हे नवे औषध पहिल्या सिद्धांतात बसत नाही. ते डी-२ ला घट्ट धरते, डोस वाढला की जुनाच ताठरपणा आणते, शिवाय प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवून पाळी चुकवते. अॅरिपिप्राझोल हे नवे औषध आणखी वेगळे: जागेवर बसून स्वतःच थोडासा संदेश देते. त्यात वजन कमी वाढते, पण काहींना एका जागी बसवत नाही.

म्हणजे ‘दुसरी पिढी’ हे एका गुणाचे नाव नव्हे. ओलांझापिन आणि क्लोझापिन हिस्टामिनच्या एच-१ आणि सेरोटोनिनच्या २-सी ग्राहींनाही अडवतात, आणि पोट भरल्याची खबर मेंदूला नीट पोचत नाही. स्वादुपिंडावरचे ग्राहीही अडतात, इन्सुलिन कमी पडते. बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हेच. अमेरिकेतल्या ‘कॅटी’ अभ्यासात (२००५) १४९३ रुग्ण होते. १८ महिन्यांत ७४ टक्क्यांनी पहिले औषध सोडले. सर्वांत जास्त टिकले ते ओलांझापिन, आणि वजनही त्यानेच सर्वांत जास्त वाढवले, महिन्याला सरासरी ०.९ किलो. परफेनाझिन हे जुने, स्वस्त औषधही बाकीच्या नव्यांच्या तोडीस तोड ठरले. जाहिरातदारांना हे फारसे आवडले नसावे.

म्हणून गोळी मनाने बंद करायची का? मुळीच नाही. अचानक सोडल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. गोळी सुरू होण्याआधीच वजन, कंबर आणि साखर मोजून ठेवावी. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना ‘शांत झोपावेत’ म्हणून या गोळ्या देणे मात्र जोखमीचे. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण वाढते.

क्लोझापिनबद्दल थोडे अधिक. १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून रुग्ण दगावले आणि ते मागे घेतले गेले. १९८८ च्या चाचणीत, इतर औषधांना दाद न देणाऱ्यांना त्याचा गुण आला, म्हणून रक्ततपासणीच्या अटीवर ते परतले. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावे लागते. ते सगळ्यांच्या लक्षात राहते. बद्धकोष्ठाचे कुणी बोलत नाही, आणि क्लोझापिनवर आतडी थंडावून माणसे गेली आहेत. दोन-तीन दिवस पोट साफ झाले नाही तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा.