मांजराची टेस्ट निगेटिव्ह आली, तरी महिनाभर दार बंद

मांजराचा ल्युकेमिया दुसऱ्या मांजराला लागतो, असं सांगितलं की लोक हसतात. कॅन्सर म्हणजे काय सर्दी आहे? पण इथे रोगाच्या मुळाशी विषाणू आहे. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) होतोय हे पाहून ग्लासगोचे पशुवैद्य विल्यम जॅरेट यांनी शोध घेतला आणि १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना विषाणूचे कण सापडले. फेलाइन ल्युकेमिया व्हायरस, एफईएलव्ही. तो मुख्यतः लाळेतून पसरतो, म्हणजे एकमेकांना चाटण्यातून, एकाच वाटीत खाण्यातून. माणसाला किंवा कुत्र्याला तो होत नाही.

हा रेट्रोव्हायरस आहे, आणि खरी गंमत इथेच आहे. त्याचा आराखडा आरएनएचा असतो. पेशीत शिरल्यावर तो स्वतःची डीएनए प्रत बनवतो आणि ती मांजराच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. या शिवलेल्या प्रतीला प्रोव्हायरस म्हणतात. पेशी दुभंगली की प्रतही दुप्पट. ती पेशीची वाढ ठरवणाऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसली तर कॅन्सरची सुरुवात होऊ शकते.

दवाखान्यातलं रॅपिड किट रक्तात पी२७ हे विषाणूचंच प्रथिन शोधतं, प्रतिपिंडं नव्हे. त्यामुळे लस किंवा आईकडून आलेली प्रतिपिंडं निकाल बिघडवत नाहीत. अगदी लहान पिल्लाचीही तपासणी करता येते. मात्र रक्तात पुरेसं पी२७ दिसायला साधारण ३० दिवस लागू शकतात. रस्त्यावरून आणलेलं मांजर कालच कोणाच्या वाटीत जेवलं असेल, कोण जाणे. म्हणून पहिली टेस्ट निगेटिव्ह आली तरी महिनाभर वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळा लिटर ट्रे, आणि मग पुन्हा टेस्ट.

पॉझिटिव्ह आलं तरी पडताळणी हवीच. काही मांजरांची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून टाकते. रक्तातलं पी२७ नाहीसं होतं, प्रोव्हायरस मात्र अस्थिमज्जेत राहतो. तो पीसीआरने, म्हणजे जनुकीय तुकडा शोधणाऱ्या चाचणीने सापडतो. त्यातही मेख आहे. प्रत्येक पाळीव मांजराच्या जनुकसंचात या विषाणूच्या प्राचीन भावंडांचे तुकडे पिढीजात असतात, त्यामुळे पीसीआरला प्रोव्हायरसच्या टोकाच्या भागातल्या (एलटीआर) यू३ या वेगळ्या पट्ट्यावरच नेम धरावा लागतो. बाहेरून आलेला एफईएलव्हीचा ए उपप्रकार याच तुकड्यांशी जुळून बी उपप्रकार तयार करतो.

‘आमच्या थेंबांनी व्हायरस निगेटिव्ह झाला’ असे दावे करणारे बहुधा या दबलेल्या संसर्गाचंच श्रेय लाटत असतात. मांजर आडवं गेल्यावर काम बिघडतं म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्रही याच जातीचं.

पॉझिटिव्ह मांजराला लगेच मारून टाकायचं कारण नाही. एकटं, घरातच ठेवलं तर काही मांजरं वर्षानुवर्षं नीट जगतात. लस आधीच झालेल्या संसर्गावर चालत नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या मांजरांचीही टेस्ट आधी, लस नंतर.