आग्या मध, ऑक्सासिलिन आणि ९६ खळग्यांची प्लेट

एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस) हा जिवाणू ऑक्सासिलिन या प्रतिजैविकाला दाद देत नाही. मेक-ए जनुकाच्या जोरावर तो पेशीभित्ती बांधायला असं प्रथिन वापरतो, ज्याला हे औषध धड चिकटतच नाही. २०१२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी त्यावर न्यूझीलंडचा मानुका मध आणि ऑक्सासिलिन एकत्र वापरलं आणि औषध पुन्हा लागू पडलं. प्रतिकाराची यंत्रणा जागी करणारं मेक-आर-१ जनुक मधामुळे मंदावलं होतं.

मग नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या जंगलातला आग्या माशीचा मध हे करेल का? ते प्लेटवरच, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या ताटलीत, तपासावं लागेल. प्लेटवर आडवं औषध, उभा मध, दोन्ही पायरीपायरीने निम्मे करत न्यायचे. प्रत्येक खळग्यात मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख जिवाणू. तापमान ३५ अंशांच्या वर नको आणि वेळ पूर्ण २४ तास, नाहीतर प्रतिकार दिसतच नाही आणि निकाल खोटा चांगला येतो.

समजा, जिवाणूंची वाढ थांबवायला औषध एकटं असताना मिलिलिटरमागे ६४ मायक्रोग्रॅम लागलं, मधासोबत ८. मध एकटा ८ टक्के लागला, जोडीत २. मग ८/६४ अधिक २/८, म्हणजे ०.३७५. बेरीज ०.५ किंवा त्याहून कमी आली तरच जोडी जुळली म्हणायचं. ४ च्या वर गेली, तर दोघं एकमेकांच्या आड येतात.

फसगत होते ती तुलनेच्या खळग्यांत. तेवढ्याच साखरेचं द्रावण वेगळं तपासलं नाही, तर साखरेचं श्रेय मधाला जातं. मधाऐवजी प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी जमवलेला राळेसारखा डिंक, तपासायचा असेल तर तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये विरघळवतात, आणि अल्कोहोल स्वतःच जिवाणू मारतं. म्हणून नुसत्या अल्कोहोलचाही खळगा हवाच.

बहुतेक मधांची ताकद हायड्रोजन पेरॉक्साइडची. मध पातळ झाला की ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ते तयार करतं. मध तापवला की विकर मरतं, आणि जखमेतल्या रक्तातलं कॅटालेज हे दुसरं विकर तयार झालेलं पेरॉक्साइडही फोडून टाकतं. मानुकाची ताकद ज्यात आहे ते मिथिलग्लायॉक्झल मात्र कॅटालेजला बधत नाही. त्यामुळे इथल्या मधाची चाचणी कॅटालेज घालूनही करायला हवी. आमच्या मते हीच खरी परीक्षा.

कच्च्या मधात क्लॉस्ट्रिडियम या घातक जिवाणूचे बीजाणू असू शकतात. म्हणूनच जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तापवून चालत नाही, कारण उष्णतेने विकर जातं. बाजारातून आणलेला मध मधुमेह्याच्या पायाच्या जखमेवर लावू नका, आणि त्याच्या भरवशावर प्रतिजैविकाची एक गोळीही कमी करू नका.