पोस्टर-डिझाइन सुधारणारं सॉफ्टवेअर

विद्यार्थ्यानं केलेल्या पोस्टरमध्ये काय खटकतंय ते दाखवणारं नाहीतर मांडणी सुचवणारं सॉफ्टवेअर. कॅनव्हासारखं (२०१३) तयार टेम्प्लेट हातात देणारं टूल वेगळं आणि पोरानं स्वतः केलेल्या कामात सुधारणा सुचवणारं वेगळं, पण बोलताना दोन्ही एकातच धरतात. दुसऱ्या प्रकारात २०१५ चं डिझाइनस्केप हे संशोधनातलं नाव: मजकूर, चित्रं टाकली की ते बाजूला पर्याय मांडतं, काही आहे तीच मांडणी नीट करणारे, काही साफ वेगळे.

मोजता येतं तिथं ही टूल्स पक्की. कॉन्ट्रास्टचंच बघा, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक; वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं, मोठ्या अक्षरांना ३:१, पांढऱ्यावर काळं २१:१ भरतं आणि पांढऱ्यावर भडक पिवळं जेमतेम १.०७:१, म्हणजे भर उन्हात कोल्हापूरच्या बिंदू चौकात लावलं तर कागद कोराच दिसणार. काही टूल्स नजर आधी कुठं जाईल याचा अंदाज हीटमॅपवर, म्हणजे जास्त नजर जाईल तिथं लाल रंग भरून दाखवतात. तो अंदाजच, पण कॉलेजच्या लोगोवरच सगळा लाल डाग आला की पोरांना बरोबर कळतं.

कोल्हापूर म्हणजे बाबूराव पेंटरांचं गाव, मूकपटांच्या पोस्टरांसाठी त्यांचं नाव आजही निघतं. आता इथं कलानिकेतन या कला महाविद्यालयाची पोरं पोस्टर करतात तशी आविष्कार या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेसाठी सायन्सचीही करतात, आणि ही दुसरी मंडळी अख्खा रिपोर्टच चिकटवतात! सॉफ्टवेअर 'मजकूर जास्त' म्हणेल, पण कुठला परिच्छेद उडवायचा ते त्याला काय माहीत, ते सरांनाच विचारावं लागतं.

खरी गोची मराठीत होते. इंग्रजी धरून केलेल्या टेम्प्लेटमध्ये ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, आणि शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटून 'कोल्हापूर' चे तुकडे पडतात. बऱ्याच टूल्सना यात काही चुकलंय असं वाटतच नाही. 'मुक्त' (Mukta), 'बालू' (Baloo) असे देवनागरी फॉन्ट घेऊन ओळींतलं अंतर हातानं वाढवलेलं बरं.

रंगाचं तर आणखी वेगळं, स्क्रीन आरजीबी (लाल, हिरवा, निळा उजेड) आणि छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई), त्यामुळं झगझगीत पोपटी छापून मळकट निघतो, म्हणून डीटीपीवाल्याकडून आधी छोटा प्रूफ, म्हणजे छापील नमुना, काढून घेतात.