दगडाने कान हलवला

क्रुगरमधे पहिल्या दिवशी चार तासांत आम्हाला इम्पाला नावाची हरणं सोडून काही म्हणजे काही दिसलं नाही. साउथ आफ्रिकेतलं हे नॅशनल पार्क साधारण १९,५०० चौरस किमी, ताडोबासारखी जिप्सी आणि गाइड घ्यायची सक्ती नाही, भाड्याची गाडी काढायची आणि आपणच चालवायची, त्यात ड्रायव्हिंग पण आपल्यासारखंच डावीकडून, म्हणून सोप्पं वाटलेलं. डांबरी रस्त्यावर लिमिट ५० ची, मग मी पण ५० नेच हाणत होतो, आणि तिथेच गंडलं.

हिशोब बघा. ५० चा स्पीड म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दोन झुडपांमधे ३ मीटरची फट असेल तर ती सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मागे जाते. आता आपल्या डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं ते फक्त मधल्या एवढ्याशा भागात, हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, साधारण तेवढंच, बाकी सगळं धूसर असतं आणि मेंदू ते जुळवून घेतो. हा छोटासा टॉर्च डोळा सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलत फिरवतो. म्हणजे ५० ने जाताना एका फटीवर एक नजर धड पडेल न पडेल अशी गत. २० ने गेलात तर तीच फट अर्धा सेकंद समोर राहते, शिवाय जवळची झुडपं भरभर सरकतात आणि लांबची हळू, त्यामुळे मागे उभा असलेला प्राणी पानांपासून सुटा दिसायला लागतो. झुडपाकडे बघू नका, झुडपातून पलीकडे बघा असं तिथले जुने लोक सांगतात ते यासाठीच.

प्राणी लपतात कसे हेही भारी आहे. इम्पालाची पाठ गडद आणि पोट पांढरं, वरून ऊन पडलं की पाठ उजळते, पोट सावलीत जातं, दोन्ही रंग सारखे होतात आणि अंगाची गोलाईच गायब. अ‍ॅबट थेयर नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ मधे हे मांडलं, चित्रकारालाच सुचणार म्हणा. कुडू नावाच्या मोठ्या हरणाच्या अंगावरचे उभे पांढरे पट्टे तर काटक्यांत पार मिसळून जातात.

म्हणून अख्खा प्राणी शोधायचाच नाही, तुकडे शोधायचे. झाडं उभी असतात, पाठ आडवी, त्यामुळे जंगलात आडवी रेघ दिसली की ब्रेक. फांदीवरून लोंबणारी शेपटी. आणि इम्पालाला बोअर म्हणू नका, सगळा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून फुरफुरायला लागला की तिकडे दुर्बीण लावा, आपल्याकडे चितळाचा कॉल ऐकून वाघ शोधतात तसंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही सातारा कॅम्पवरून निघालो (साताऱ्याशी संबंध नाही, सर्व्हेच्या वेळी एका भारतीय मदतनिसाने सतरा नंबरच्या जमिनीला सतरा म्हटलं त्याचं हे झालं असं सांगतात). कच्चा रस्ता, स्पीड २०. बायको म्हणाली, थांब थांब, तो दगड बघ. मी म्हटलं अगं दगडच आहे तो. पाच मिनिटं दगडच होता. मग त्याने माशी उडवायला कान हलवला, कानामागचा काळा ठिपका दिसला आणि सिंहीण तयार! डोळ्याच्या कडेला रंग, बारकावे नीट कळत नाहीत पण हालचाल पटकन कळते, त्यात सिंह दिवसाचे वीसेक तास आळसात काढतात, हलला नसता तर गेलाच होता.

गंमत पुढे आहे. एक दिसल्यावर त्याच गवतात वीस मिनिटांत अजून चार दिसल्या, कोणीही जागचं उठलं नव्हतं. एकदा नमुना सापडला की मेंदू तोच शोधत सुटतो, ल्यूक टिनबर्गन या डच पक्षी-अभ्यासकाने हे किडे टिपणाऱ्या पक्ष्यांवरून मांडलं होतं आणि याला सर्च इमेज म्हणतात. काच खाली, इंजिन बंद, कोणी शब्द बोलेना, गाडीतून उतरायचा तर प्रश्नच नाही.

परतीच्या वाटेवर बायकोने अजून सहा ठिकाणी गाडी थांबवली. सहाही दगड निघाले.