‘गोळी घेतलीस का?’

‘जेवलास का’च्या पाठोपाठ हा प्रश्न ज्या घरात रोज विचारला जातो, तिथे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची झळ एकट्या रुग्णाला बसत नाही. गोळी जिभेखाली दडवली नाही ना, हे पाहत आई पाण्याचा घोट उतरेपर्यंत समोर उभी असते. भाऊ दाराच्या किल्ल्या उशाखाली घेऊन झोपतो. सोसायटीत ‘त्याचं वर्क फ्रॉम होम चालू आहे’ असं सांगितलेलं असतं. पुण्यात ते खपूनही जातं.

गोळीवरून होणाऱ्या भांडणाचं मूळ बऱ्याचदा आजारातच असतं. आपण आजारी आहोत ही जाणीवच अनेक रुग्णांना नसते. तो हटवादीपणा नव्हे, आजाराचाच भाग. पण घरच्यांना सर्वांत जड जातात ती न ओरडणारी लक्षणं. कानात आवाज येतात म्हटल्यावर हा आजार आहे हे पटतं. मुलगा चार दिवस अंघोळ करत नाही, दुपारी बारापर्यंत लोळतो, विचारलं तर ‘हूं’ म्हणतो, तेव्हा मात्र तोंडून ‘आळशी’ निघतं. खरं तर इच्छाशक्ती आटणं हेही स्किझोफ्रेनियाचंच लक्षण आहे आणि औषधांचा त्यावर फारसा जोर चालत नाही.

या टोमण्यांचा परिणाम मोजला गेला आहे. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांना 1950च्या दशकात दिसलं, की आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण इतरत्र राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. 1976मध्ये व्हॉन आणि लेफ या संशोधकांनी पाहिलं, की सतत टीका, राग किंवा जिवाला घोर लावून घेणारी अतिकाळजी असलेल्या घरांत नऊ महिन्यांत सुमारे निम्म्या रुग्णांचा आजार उलटला. शांत घरांत साधारण आठांतल्या एकाचा. तणावाच्या घरात आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोर राहणाऱ्यांना धोका अधिक होता. वन बीएचकेत 35 तास बुधवारपर्यंतच भरतात.

म्हणून घरच्यांना दोषी धरायचं का? मुळीच नाही. घरच्यांच्या बोलण्याने स्किझोफ्रेनिया होत नाही. शिवाय ती चिडचिड बऱ्याचदा थकव्यातून येते: आजार माणसं थकवतो, थकलेली माणसं तडकतात आणि आजार उचल खातो. चंडीगडच्या अभ्यासात अशी तणावाची घरं लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. त्यावरून एकत्र कुटुंबाचे गोडवे गायची घाई नको, कारण ‘कुटुंब सांभाळतं’ याचा अर्थ बहुतेक वेळा आई किंवा बायको सांभाळते असाच असतो. तिची नोकरी सुटते, लग्नकार्यं टळतात, आणि ‘आमच्यानंतर याचं कोण?’ हा प्रश्न झोप उडवतो.

कुटुंबाला उपचारात घेणं आपल्याकडे नवं नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं. घरच्यांना आजार नीट समजावला, बोलायची पद्धत शिकवली, तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे नंतर अनेक चाचण्यांत दिसलं. तरीही ओपीडीत रुग्णाच्या झोपेची चौकशी होते, शेजारी फाइल धरून बसलेल्या आईच्या झोपेची क्वचितच. माझ्या मते तोही प्रश्न केसपेपरवर हवा.

पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने नातेवाइकांचे स्वमदत गट चालवले. तिथे त्यांना ‘शुभंकर’ म्हणतात. गटापर्यंत पोहोचणं जमत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, मराठीतूनही बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही.