समुपदेशकांचे प्रशिक्षण (बडोदे)

ताण, घरातले बेबनाव, परीक्षेची धास्ती, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा प्रसंगी माणसाला मोकळेपणी बोलू देणारा आणि त्याची वाट त्यालाच शोधू देणारा प्रशिक्षित माणूस म्हणजे समुपदेशक. या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलेला असल्याने गैरसमज होतो. खरे तर उपदेशाची सवय मोडणे हाच या शिक्षणातला पहिला आणि सर्वांत चिवट धडा आहे.

बडोद्यात हे शिक्षण मुख्यतः महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखेभोवती वाढले. शिक्षक घडवणे आणि मनाचा अभ्यास ही दोन्ही कामे इथे एकाच विद्याशाखेत चालतात. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या गावाला हे साजेसेच आहे. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता होत्या.

अध्यापनाचे माध्यम इंग्रजी. भेटीला येणारी माणसे मात्र गुजराती, हिंदी किंवा मराठी बोलतात, आणि दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत तर एकाच वाक्यात दोन भाषा येतात. ‘डिप्रेशन’ची लक्षणे पाठ असलेल्या विद्यार्थिनीला ‘जीव रमत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘कशातच लक्ष लागत नाही’ यांचा अर्थ वेगळा शिकावा लागतो. माझ्या मते अभ्यासक्रमातली सर्वांत मोठी उणीव इथेच आहे: रडताना माणूस आपल्याच भाषेत रडतो, आणि त्या भाषेत ऐकण्याचा सराव फार कमी होतो.

सरावाची नेहमीची रीत तिघांची. एक बोलतो, दुसरा ऐकतो, तिसरा टिपणे काढतो. समजा, सासूची भूमिका करणारी मुलगी म्हणते, “घरात सगळं आहे गं, पण संध्याकाळ झाली की मूंझारो होतो.” ऐकणारी लगेच सांगते, “मावशी, रोज प्राणायाम करून बघा ना.” मार्गदर्शक तिथेच थांबवतात. मूंझारो म्हणजे गुदमरल्यासारखे होणे. पण या बाईंचा मूंझारो संध्याकाळीच का, हे कुणी विचारलेच नाही. दुसऱ्या फेरीत ऐकणारी विचारते, “संध्याकाळी घरात कोण असतं?” थोडी शांतता जाते आणि उत्तर येते, “कुणीच नाही. तेच तर.” मधली ती शांतता न भरता सोसणे शिकायला महिनोन्‌महिने लागतात. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेल्या समानुभूती, सच्चेपणा आणि विनाअट स्वीकार या अटी पुस्तकात अर्ध्या पानात मावतात. त्या अंगी बाणतात त्या अशा फेऱ्यांतून. ‘बिचारी’ म्हणणे ही सहानुभूती झाली. तिच्या रिकाम्या घरात क्षणभर तिच्याबरोबर बसणे ही समानुभूती.

गोपनीयतेचा धडा बडोद्यात अधिक जपून द्यावा लागतो. मराठी समाज लहान, लग्ने एकमेकांत, गणपतीच्या आरतीला सगळे एकत्र. म्हणून नात्यातल्या वा ओळखीच्या माणसाला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवावे आणि रस्त्यात भेट झाल्यास ओळख दाखवायची की नाही, हे त्या व्यक्तीवर सोडावे, असे शिकवतात. गोपनीयतेला मर्यादाही आहेत. जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. मुलावरील लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

पात्रतेबाबत देशभर गोंधळ राहिला आहे. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील व्यावसायिकांच्या व्याख्येत समुपदेशकाचा स्वतंत्र उल्लेख नाही; २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने मात्र वर्तन-आरोग्याच्या गटात त्यांना जागा दिली. चार-सहा आठवड्यांच्या कोर्सवर पाटी लावणे धोक्याचे आहे, कारण अशा कोर्समध्ये अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करायला वेळच नसतो.

आपली हद्द ओळखणे हाही प्रशिक्षणाचाच भाग. कानात आवाज येणे, दिवसेंदिवस झोप नसणे, आत्महत्येचा बेत ठरलेला असणे अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ हवा. बडोद्यात त्यासाठी सयाजी रुग्णालय आणि कारेलीबागेतले सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. फोनवरून मदतीसाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे.