लाइनी वाढवायला सांगायच्या आधी हे एकदा वाचा

आम्ही ऑफिसांच्या फोन सिस्टीम बसवतो, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी आम्हाला हाच फोन येतो, की कस्टमर म्हणतात तुमचा फोन लागतच नाही, लाइनी वाढवून द्या. लाइनी वाढवणं आमच्यासाठी सोपंय, एसआयपी ट्रंक (इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनी) असेल तर नवीन वायरसुद्धा ओढावी लागत नाही आणि बिलही आमचंच होतं. तरी आम्ही आधी कॉल रिपोर्ट मागतो आणि तिथे बऱ्याच जणांचा पारा चढतो, की एवढ्याशा कामाला कशाला चौकशा.

तर ऐका. पीआरआय (एकाच जोडणीवर बरेच कॉल चालवणारी लाइन) घेतली की एका वेळी 30 कॉल चालतात. फोन उचलणारी पोरं सहा. म्हणजे उरलेले 24 जण होल्डवरची सनई ऐकत बसणार. जो आधी एंगेज टोन ऐकून लगेच ठेवत होता तो आता पाच मिनिटं सनई ऐकून, शिव्या घालून ठेवतो. फरक एवढाच पडला. उचलणाऱ्या माणसांच्या दीडपट लाइनी आम्ही सहसा देतो, त्याच्या वर द्यायला आम्हीच नको म्हणतो.

आता मुख्य चूक. किती कॉल येतात विचारलं की सगळे दिवसाचा आकडा सांगतात. "रोजचे 300." मग दहा तासांनी भागलं की तासाला 30 येतात, आणि त्यावर माणसं ठरतात. पण कॉल असे रेशनच्या रांगेसारखे शिस्तीत येत नाहीत हो. आरओ-सर्व्हिसवाल्या एका ग्राहकाकडे सोमवारी सकाळी 10 ते 11 मध्ये 60 कॉल यायचे आणि दुपारी चारला माणसं मोबाइल बघत बसायची. आम्हाला लागतो तो या सगळ्यात वाईट तासाचा आकडा.

दुसरं म्हणजे कॉल दोन मिनिटांचा असला तरी नंतर तक्रार लिहून टेक्निशियनला व्हॉट्सअ‍ॅप करायला अजून दोन मिनिटं जातात, ती कोणी धरतच नाही. धरा चार मिनिटं. 60 कॉल गुणिले 4 म्हणजे 240 मिनिटांचं काम, म्हणजे चार माणसं? नाही. चार माणसांना श्वास घ्यायलाही वेळ नाही आणि रांग वाढतच जाते. पाच बसवली तरी निम्म्याहून जास्त लोकांना थांबावं लागतं, सरासरी दोन मिनिटांच्या वर. सहावा माणूस बसवला की तीच सरासरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास येते. हे आमच्या मनाचं नाही, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते त्यांनी 1917 सालीच याचं सूत्र छापलंय, आजही कॉल सेंटरची माणसं त्यावरच ठरतात. (सूत्रात कोणी वैतागून फोन ठेवत नाही असं धरलेलं असतं, आपल्याकडे ठेवतात, पण अंदाजाला पुरतं.)

आणि ठेवणारा गप्प बसत नाही, परत लावतो. म्हणून 500 कॉल दिसतात त्यात माणसं 300च असू शकतात, वेगळे नंबर मोजल्याशिवाय ते कळत नाही.

तेव्हा आम्हाला पंधरा दिवसांचा तासवार रिपोर्ट पाठवा, मिस कॉलसकट. मिस कॉल वाईट दिसतात म्हणून काही जण ते काढून एक्सेल पाठवतात, कृपया तसं करू नका, आम्हाला हवं असतं ते नेमकं तेच. एकदा दिवसाच्या आकड्यावरून बसवलेली सिस्टीम पहिल्याच सोमवारी तुंबते, मग रांगा, एक्स्टेन्शन, आयव्हीआर (तो "एक दाबा, दोन दाबा" सांगणारा आवाज) सगळं परत बसवायचं, त्यात तुमचे दोन दिवस जातात आणि आमचे पण.

कित्येकदा रिपोर्ट बघितल्यावर नवीन खर्च करायची गरजच पडत नाही. जेवणाची सुट्टी एकदम न देता दोन पाळ्यांत द्या, सकाळच्या दोन तासांना अकाउंट्सच्या ताईंनाही एक हेडसेट द्या, आणि मिस कॉल आपोआप परत लावायची सोय चालू करून घ्या. ही सोय आम्ही बसवलेल्या आयपी सिस्टीममध्ये आधीपासूनच आहे, फक्त सुरू करावी लागते. वार्षिक मेंटेनन्स असेल तर फुकट करून देतो, नसेल तर व्हिजिटचे पैसे पडतील.

रिपोर्ट कसा काढायचा हे कळत नसेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा, स्क्रीन शेअर करून दाखवतो. फक्त सोमवारी सकाळी नको, तेव्हा आमच्याकडेही सनईच वाजत असते.